पंचनाम्याची भाषा आणि विलास सारंग

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतल्या प्रयोगशील मराठी कथेवरच्या लेखात कथाकार-कादंबरीकार विलास सारंगांच्या वाट्याला जेमतेम दीड ओळ आली आहे. जर्मनमध्ये लिहिणाऱ्या प्रागच्या काफ्काचा प्रभाव आणि भाषांतरित वाटणारी मराठी, एवढंच. पहिल्या शेऱ्यावर माझा वाद नाही. दुसऱ्यावर बोलायचा मला थोडा हक्क आहे, कारण भाषांतरित मराठीवरच माझं पोट चाललं. ३१ वर्षं कोर्टात भाषांतरकार होतो. पंचनामे, जबान्या, मृत्युपूर्व जबाब. मराठीतून इंग्रजीत आणि उलट.

पंचनाम्यात काय असतं? 'प्रेत उताणे, डोके पूर्वेस. उजव्या पायात चप्पल आहे, डाव्या पायात नाही.' शेजारी बाई ऊर बडवत असते, ती कागदावर येत नाही. चप्पल येते. सारंगांच्या कथा पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मला हाच सूर ओळखीचा वाटला. विसर्जनाच्या दिवशी गणपतीच्या मूर्ती जिवंत होऊन पळ काढतात. एका बेटावरच्या बायका अर्ध्याच असतात, कोणी कमरेच्या वरची, कोणी खालची. आणि सांगणाऱ्याचा आवाज जराही चढत नाही. ही मराठी भाषांतरित नव्हे हो, ही साक्षीदाराची मराठी आहे.

काफ्काचंही तेच. कायद्याचा पदवीधर, १९०८ ते १९२२ प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला. यंत्रात कोणाची बोटं गेली, कशी गेली, याचे कागद त्याच्या टेबलावरून जायचे. सारंगांनी त्याच्याकडून काही घेतलं असेल तर तो हा कचेरीतला सूर. त्याच्या 'मेटॅमॉर्फोसिस' कथेसारखं माणसाचा किडा करणं काय, कोणालाही जमतं.

शिवाय एकट्या काफ्कावर का थांबायचं? सारंगांच्या एका समीक्षाग्रंथाचं नावच 'सिसिफस आणि बेलाक्वा' आहे. सिसिफस फ्रेंच लेखक कामूचा, धोंडा पुन्हा पुन्हा वर ढकलणारा. बेलाक्वा इटालियन कवी दान्तेचा, गुडघ्यांत डोकं घालून बसलेला आळशी. पुढे आयरिश लेखक बेकेटने त्याला उचललं. सारंगांची माणसं मला या दुसऱ्याच्या भावकीतली वाटतात.

'एन्कीच्या राज्यात' (१९८३) मी मे महिन्यात वाचली, कूलरसमोर बसून. सारंग १९७०च्या दशकात इराकमध्ये बसऱ्याला शिकवत होते, त्यातून आलेली ही कादंबरी. एन्की हा सुमेरियन लोकांचा पाण्याचा देव. बाहेर आमचं ४५ अंशांचं नागपूर, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि मला उठवेना.

त्यांचं वाक्य कधीकधी खरंच अडखळतं, हे मान्य. आपल्या मराठी कथा ते स्वतःच इंग्रजीत नेत. त्या कामात ब्रेऑन मिचेल हे अमेरिकी प्राध्यापक त्यांच्या जोडीला होते. याच मिचेल यांनी पुढे काफ्काची 'द ट्रायल' ही कादंबरी नव्याने इंग्रजीत आणली. दोन भाषांत सतत ये-जा करणाऱ्याच्या वाक्याला असं घासलेपण येतं. माझ्याही आलं होतं. बायको म्हणायची, तुम्ही भाजी आणायलाही 'सदर' लावता.

आता खरी तक्रार. आमच्या भागातल्या एका वाचनालयात सारंगांचा कथासंग्रह 'सोलेदाद' (१९७५) 'अनुवादित' या कपाटात लावलाय. सोलेदाद म्हणजे स्पॅनिशमध्ये एकटेपण. नाव बघूनच कोणीतरी ठरवलं असणार. मी काउंटरवर सांगितलं, हे पुस्तक मुळात मराठीतच लिहिलेलं आहे. बाईंनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, मागचा तारखांचा कागद दाखवला. अकरा वर्षांत तीन शिक्के, त्यातले दोन माझे. "कुठेही ठेवलं तरी काय फरक पडते बाप्पा, नेत तर कोणी नाही," म्हणाल्या.

मंगळवारी पुन्हा गेलो होतो. पुस्तक त्याच कपाटात, रशियन परीकथांच्या शेजारी. मी ते काढून मराठी कथेच्या खणात ठेवून आलो. आता ते किती दिवस टिकतं ते पाहायचं.

आपला,
एक निवृत्त भाषांतरकार
महाल, नागपूर