दंतशिबिर : आधी संच मोजा, मग रुग्ण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नेपाळमधल्या किंवा आफ्रिकेतल्या दंतशिबिरांत स्वयंसेवक म्हणून जाता येईल का, असे विदर्भातल्या लहान दवाखान्यांत काम करणाऱ्या डेंटल असिस्टंट मुली हल्ली विचारतात. जरूर जावे. फक्त तिथे किती डॉक्टर येणार हे विचारण्याआधी हत्यारांचे संच किती आणि ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने हत्यारे निर्जंतुक करणारे यंत्र) कोणता, हे विचारावे. शिबिरात किती दात सुरक्षितपणे निघतील हे त्यावर ठरते, आणि ते काम असिस्टंटच्याच हातात असते.

हिशेब असा. दात काढायच्या एका संचात आरसा, प्रोब (दात तपासायची टोकदार सळई), चिमटा, एलिव्हेटर (दात सैल करायचे हत्यार) आणि फोर्सेप (दात ओढायची पक्कड). वापरलेला संच घासून, धुऊन, कोरडा करून पाकिटात भरायला अर्धा तास जातो. ऑटोक्लेव्ह तापायला १५ मिनिटे, पाकिटबंद हत्यारांना १२१ अंशांवर ३० मिनिटे, वाफ सोडून वाळायला २० मिनिटे. एकूण दीड तासाच्या वर. डॉक्टर तासाला पाच रुग्ण पाहत असतील तर एवढ्या वेळात आठ संच टेबलावर खर्ची पडतात आणि आधीचे आठ यंत्रात असतात. म्हणजे एका खुर्चीमागे किमान १६ संच. सहा-सात संच घेऊन शिबिर मांडले की दुपारनंतर रांग हटत नाही आणि कोणीतरी ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणाच्या ट्रेमध्ये दहा मिनिटे बुडवून तेच फोर्सेप परत देते. २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडला पूर्ण निर्जंतुकीकरणासाठी १० तास लागतात. त्यातून फोर्सेपच्या सांध्यात रक्त वाळलेले असेल तर द्रावण आत पोचतच नाही. म्हणून सांधा उघडा धरून ब्रशने घासणे ही पहिली पायरी, आणि तीच सर्वांत जास्त टाळली जाते.

खेड्यात कुकरसारखा उभा ऑटोक्लेव्ह गॅसवर चालतो, हे त्याचे मोठे बळ. पुढून उघडणारे विजेचे यंत्र दीड-दोन किलोवॅट ओढते. घरगुती इन्व्हर्टरवर ते चालत नाही आणि वीज गेली की अर्धवट फेरी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. पण उभ्या यंत्राची एक खोड आहे. झाकण लावल्यावर झडप लगेच बंद केली तर आत हवा अडकते. दाबाचा काटा १५ पौंड दाखवतो, तापमान मात्र १२१ ला पोचलेले नसते. वाफेची सरळ, जोरदार धार काही मिनिटे निघू द्यावी, मगच झडप बंद करावी आणि वेळ मात्र दाब व तापमान पूर्ण चढल्यावरच मोजायला लागावे. पाकिटे एकमेकांवर रचू नयेत, कडेवर उभी ठेवावीत. ओले निघालेले पाकीट निर्जंतुक धरू नये, कारण ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे यंत्र गरम झाले एवढेच कळते. खात्रीसाठी वेळ, वाफ आणि तापमान तिन्ही तपासणारी पाचव्या वर्गाची इंडिकेटर पट्टी प्रत्येक फेरीत आत ठेवावी. पाणी डिस्टिल्डच घ्यावे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने तळाला आणि झडपेत क्षार बसतात.

उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून उंचीचाही विचार हवा. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे. तिथेसुद्धा १५ पौंडाला तापमान दोनेक अंश कमी भरते. इथिओपियातल्या अदिस अबाबासारख्या २३०० मीटरवरच्या शहरात ते ११७ च्या आसपास राहते. दर हजार फुटांमागे साधारण अर्धा पौंड जास्त दाब लागतो, आणि सुरक्षा झडप तेवढा दाब सोसते का, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

ड्रिलशिवाय, फक्त हातहत्याराने कीड खरवडून जीआयसी (पावडर आणि द्रव कालवून करायचे दात भरायचे सिमेंट) भरण्याची एआरटी नावाची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात पुढे आली. ती आपल्या आश्रमशाळांनाही तितकीच उपयोगाची आहे. तिथे मिश्रण बिघडते ते उन्हाळ्यात. द्रवाची बाटली आधी आडवी करून मग उभी धरावी, बुडबुड्याचा पहिला थेंब टाकून द्यावा. पावडरचे दोन भाग करून ३० सेकंदांत कालवावे. चकाकी गेली की ते दाताला चिकटत नाही, फेकून द्यावे. काचपट्टी बर्फाच्या डब्यात ठेवली तर वापरण्याआधी तिच्यावरचे दव पुसावे.

सुईचे टोपण दोन्ही हातांनी कधीही लावू नये. टोपण ट्रेवर ठेवून एका हाताने सुई त्यात सरकवावी. सुई टोचलीच तर जखम पिळू नये, साबणपाण्याने धुवावी. एचआयव्हीप्रतिबंधक औषध लगेच, शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवे. ते जवळ कुठे मिळते, हे शिबिर सुरू होण्याआधी ठाऊक असावे. काढलेल्या दातात चांदी (म्हणजे चांदी-पाऱ्याचे मिश्रण) भरलेली असेल तर तो जाळू नये, पाऱ्याची वाफ होते.

हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायची असते, शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासायची असते. म्हणजे तयारी आठ महिने आधी सुरू होते. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची लस लागते. तिचे प्रमाणपत्र १० दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. ब्रिटनमध्ये मात्र जनरल डेंटल कौन्सिलच्या नोंदणीशिवाय डेंटल नर्सचे काम करता येत नाही, फुकटसुद्धा नाही. आणि देश कोणताही असो, भुलीचे इंजेक्शन देणे किंवा दात काढणे हे असिस्टंटचे काम नाही. ‘इथे चालते’ असे सांगणाऱ्या संयोजकाला स्पष्ट नकार द्यावा.

हे सारे शिकायला परदेशी जावे लागत नाही. मेळघाटात, गडचिरोलीत तंबाखू-सुपारीच्या खर्र्यामुळे तोंड आखडून दोन बोटेही तोंडात जात नाहीत अशी माणसे शिबिराला येतात. अशा तोंडात गाल आवरून धरायला शिकलेली असिस्टंट कुठेही उपयोगी पडेल. मात्र तिच्याकडे दाखवायला कागद नसतो. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाने दवाखान्यांत शिकून तयार झालेल्या असिस्टंटसाठी शिबिरातील निर्जंतुकीकरणाचा दोन-तीन दिवसांचा वर्ग घ्यावा, शेवटी प्रत्येकीकडून ऑटोक्लेव्हची एक फेरी करून घ्यावी आणि त्यावरच प्रमाणपत्र द्यावे, अशी आमची विनंती आहे.

आपल्या,
ग्रामीण दंतशिबिरांत काम करणाऱ्या असिस्टंट,
अमरावती जिल्हा