सूचना : कार्यमूल्यमापन अहवालापूर्वी सहकाऱ्यांशी बोलण्याबाबत

सर्व सदस्य अधिकाऱ्यांस,

३१ मार्चला अहवाल वर्ष संपत असून, प्रतिवेदन अधिकारी म्हणून आपल्यापैकी अनेकांना हाताखालील कर्मचाऱ्यांचे शेरे लिहावे लागतील. शेरा लिहिण्याआधी त्या व्यक्तीशी एकांतात, किमान अर्धा तास बोलावे, अशी आग्रहाची विनंती आहे.

देव दत्त विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की, केवळ प्रतिकूलच नव्हे, तर अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. देव दत्त या अभियंत्याची नोंद ‘चांगला’ अशी होती; पण पदोन्नतीसाठी ‘अतिशय चांगला’ हा निकष असल्याने, न कळवलेली ती नोंदच त्याच्या आड आली. मात्र नोंद कळवणे हे कायद्याचे किमान बंधन झाले. वर्षभर मौन पाळून मार्चअखेरीस कागद हाती ठेवणे मला अन्यायकारक वाटते.

बोलताना ‘तुम्ही निष्काळजी आहात’ असे स्वभावावर बोट ठेवू नये. ‘गेल्या तिमाहीत तीन प्रस्ताव मुदतीनंतर आले, त्यामुळे निधी अडकला’ असे घडलेले काम आणि त्याचा परिणाम सांगावा, मग अडचण काय होती हे विचारून उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे, कारण पुष्कळदा विलंबाचे मूळ आपल्याच टेबलावर सापडते. चांगल्या कामाचा उल्लेखही तितकाच नेमका असावा.

ठरलेल्या सुधारणा व मुदत दोघांनी लिहून ठेवावी आणि जूनअखेर पुन्हा भेटावे.

आपला,
सचिव