छापील टॉर्क आणि दुसऱ्या गिअरमधली सुस्ती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नव्या मोटारींच्या परीक्षणांत आणि जाहिरातींत ‘इंजिन एक लिटरचे, ताकद दीड लिटरची’ अशा अर्थाचे वाक्य हल्ली हमखास असते. ते खोटे नसते, अर्धवट असते. जुनी दीड लिटरची बिनटर्बो गाडी देऊन लहान टर्बो गाडी (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने फिरून इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) घेणारे अनेक जण थोड्याच दिवसांत ‘पिकअप नाही’ म्हणून सर्व्हिस सेंटर गाठतात. तिथे स्कॅनर लावला जातो, एकही एरर निघत नाही आणि ‘गाडी ओके आहे’ म्हणून परत पाठवणी होते. गंमत म्हणजे बहुतेक वेळा दोघांचेही म्हणणे बरोबर असते. हे कसे, ते वाहन पुरवण्यांत क्वचितच छापून येते, म्हणून हे पत्र.

माहितीपत्रकात समजा ‘१७० न्यूटन-मीटर, १७५० ते ४००० आरपीएम’ असा टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचा, आकडा लिहिला आहे (आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे). हा आकडा घेताना इंजिन डायनोवर (टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर) चढवतात, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा ठेवून ते एका ठरावीक आरपीएमवर धरून ठेवतात, टर्बोचा दाब स्थिरावू देतात आणि मग नोंद करतात. दाब स्थिरावायला किती वेळ लागला, याला त्या आलेखात जागाच नसते. रस्त्यावर मात्र आपल्याला जाणवतो तो नेमका तोच वेळ. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्या क्षणी इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) फार तर बाहेरच्या हवेइतका, म्हणजे सुमारे १ बार दाब असतो. तेवढ्यावर एक लिटरचे इंजिन एक लिटरपुरताच टॉर्क देते, साधारण ८० ते ९० न्यूटन-मीटर. शिवाय जादा दाबाखाली नॉकिंग (मिश्रणाचे अवेळी, ठोके देत पेटणे) होऊ नये म्हणून अशा इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) सहसा थोडा कमी ठेवलेला असतो, त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंत हे इंजिन त्याच मापाच्या साध्या इंजिनापेक्षाही किंचित मवाळ असते.

आता स्पीडब्रेकर ओलांडून ताशी २० किलोमीटरने दुसऱ्या गिअरमध्ये निघालेली गाडी डोळ्यांसमोर आणा. लहान टर्बो गाड्यांचे नेहमीचे गिअरिंग आणि टायर धरले तर या वेगाला दुसऱ्यात इंजिन १३५० ते १४०० आरपीएमवर असते. टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ९५४९ केले की किलोवॉट मिळतात. ८० न्यूटन-मीटर आणि १३५० आरपीएमला उत्तर येते ११ किलोवॉट, म्हणजे १५ अश्वशक्ती. त्यातून एसीचा कॉम्प्रेसर दोन-तीन किलोवॉट घेतो. गाडी अकराशे किलोची, आत चार माणसे आणि सामान. ‘१०० अश्वशक्ती’ वाचून घेतलेल्या गाडीत त्या घडीला बारा-तेरा घोडेच जुंपलेले असतात. हीच गाडी पहिल्या गिअरमध्ये असती तर त्याच वेगाला इंजिन अडीच हजारांच्या घरात असते आणि तक्रारीला जागाच उरली नसती.

इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. एका ठरावीक आरपीएमखाली एक्झॉस्टचा झोतच इतका कमी असतो की टर्बाइन दाब तयार करण्याइतके फिरत नाही. कितीही वेळ पाय दाबून ठेवा, पूर्ण दाब येणार नाही. याला उपाय एकच, खालचा गिअर. दुसरी गोष्ट म्हणजे लॅग, दाब येण्यातला उशीर. आरपीएम पुरेसे असूनही टर्बोला हजारांतून लाखाच्या वर फेऱ्यांपर्यंत पोहोचायला (लहान टर्बो मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरेही घेतात) आणि इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारा भाग) व पाइपांतली पोकळी दाबाने भरायला वेळ लागतो. जास्त हवा गेल्याशिवाय जास्त एक्झॉस्ट नाही आणि जास्त एक्झॉस्टशिवाय जास्त हवा नाही, असा तो फेरा आहे. १५०० आरपीएमवर यात सहज दीड-दोन सेकंद जातात. २५०० वर तीच गोष्ट सेकंदाच्या आत होते. ताशी ५० च्या वेगात दोन सेकंद म्हणजे २८ मीटर अंतर. समोरच्या ट्रकला ओलांडताना हा हिशेब डोक्यात असलेला बरा.

डॅशबोर्डवरचा ‘वरचा गिअर टाका’ सांगणारा बाण या गोंधळात भर घालतो. तो इंधन वाचवण्यासाठी असतो, ओढीसाठी नाही. त्याचे तंतोतंत ऐकले तर इंजिन सदैव टर्बोच्या उंबरठ्याखाली रेंगाळते. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना तो जरूर पाळावा. गर्दीत, चढावर आणि ओव्हरटेक करताना खुशाल दुर्लक्ष करावे. काटा १८०० ते २२०० च्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि ओव्हरटेक सुरू करण्याच्या आधीच गिअर खाली टाकायचा. एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात.

ऑटोमॅटिकमध्ये चित्र थोडे वेगळे. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाच्या प्रवाहाने जोडणारा भाग) निघताना घसरतो, त्यामुळे इंजिनला आरपीएम मिळतात आणि टॉर्कही वाढून चाकापर्यंत जातो. सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी सलग बदलणारा गिअरबॉक्स) गरज पडली की आरपीएम वर नेऊन ठेवते. ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) आणि एएमटीत (साधाच गिअरबॉक्स, पण गिअर यंत्राने बदलणारा) ही सवलत नाही. त्यांत इको मोड चालू असेल तर अर्धा पेडल दाबला तरी थ्रॉटल चतुर्थांशच उघडला, असे होऊ शकते. शिवाय गिअरबॉक्स जपण्यासाठी काही गाड्यांत पहिल्या एक-दोन गिअरांत टॉर्क मुद्दाम कमी ठेवलेला असतो.

काही वेळा गाडी मंद नसते, फक्त मंद वाटते. साध्या इंजिनात टॉर्क आरपीएमबरोबर हळूहळू चढतो, आवाजही चढतो, आणि गाडी ‘पळते आहे’ असे अंगाला कळते. लहान टर्बोत सगळा टॉर्क एकदम दोन हजारांवर येतो, मग सपाट राहतो आणि चार-साडेचार हजारांनंतर उतरतो. शरीराला वेगवाढीतला बदल जाणवतो, वेगवाढ तितकीशी नाही. तो पहिला धक्का ओसरला की पुढची ओढ फिकी वाटते. याचा निकाल स्टॉपवॉच देते, मणका नाही.

उष्णता हा खरा चोर आहे. ३० अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबावर नेली की ती १२० अंशांच्या आसपास बाहेर पडते. इंटरकूलर ती पन्नास-साठपर्यंत आणतो, पण त्यासाठी त्यातून वारा वाहायला हवा. अर्धा तास ट्रॅफिकमध्ये सरपटल्यावर इंटरकूलर स्वतःच तापलेला असतो. हवा दर १० अंशांना सुमारे ३ टक्के विरळ होते, आणि नॉकिंगच्या भीतीने ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, गरज पडल्यास बूस्टही (टर्बोचा जादा दाब) घटवतो. कमी ऑक्टेनचे (नॉकिंग कमी रोखणारे) पेट्रोल असेल तर हे आणखी लवकर होते. म्हणून सकाळी चपळ असणारी गाडी दुपारी जड वाटते, आणि मोकळ्या रस्त्यावर पाच-दहा मिनिटे पळाली की पुन्हा ठीक होते. हा बिघाड नव्हे.

मग बिघाड ओळखायचा कसा? मोकळ्या, सपाट रस्त्यावर वेगमर्यादा सांभाळून तिसऱ्या गिअरमध्ये २५०० आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. तिथे गाडी जोरात खेचत असेल तर इंजिन निरोगी आहे, प्रश्न गिअर आणि आरपीएमचा आहे. तिथेही ती ढिम्म असेल तर शोध घ्या. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडून आकडे दाखवणाऱ्या उपकरणावर) मॅनिफोल्डचा दाब पाहा (आकडे शेजारी बसलेल्याने वाचावेत, चालवणाऱ्याने नव्हे). इंजिन बंद, चावी ऑन असताना समुद्रसपाटीला सुमारे १०० किलोपास्कल दिसले पाहिजेत, हजार मीटर उंचीवर ९० च्या आसपास. गरम इंजिन, एसी बंद, आयडलिंगला ३० ते ४०. वरच्या चाचणीत पूर्ण थ्रॉटलला मॉडेलनुसार १८० ते २२०. आकडा ११०-१२० वर अडकला तर बूस्ट तयार होत नाही किंवा वाटेत गळतो आहे. ईसीयूने मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब शेजारी-शेजारी दाखवणारा स्कॅनर असेल तर उत्तम. अपेक्षेपेक्षा कमी बूस्टचा कोड पी०२९९ असतो, पण गळती लहान असेल तर तो नोंदलाच जात नाही. ‘एरर नाही’ म्हणजे ‘दोष नाही’ असे सर्व्हिस सेंटरने धरून चालू नये.

सुरुवात स्वस्त गोष्टींपासून करावी. आधी एअर फिल्टर. मग टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून थ्रॉटलपर्यंतचे सगळे होज आणि क्लॅम्प. बाहेरून घट्ट दिसणारा होज दाबाखाली सांध्यातून सुटतो. पाय दाबताच ‘फुस्स’ आवाज आणि सांध्याभोवती तेलकट धूळ ही त्याची खूण. खात्रीसाठी स्मोक टेस्ट, म्हणजे पाइपांत धूर सोडून गळती शोधणे. त्यानंतर डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (पाय उचलताच जादा दाब वळवणाऱ्या झडपेचा) फाटलेला पडदा, वेस्टगेटचा (टर्बाइनला बगल देऊन बूस्ट आवरणाऱ्या झडपेचा) गंजून अडकलेला दांडा, व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर त्याची चिरलेली नळी. दोन-तीन हजारांवर वरच्या गिअरमध्ये जोर देताना गाडी आचके देत असेल तर स्पार्क प्लग काढा. दाबलेल्या हवेत ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे झिजून वाढलेला गॅप साध्या इंजिनात खपतो तसा इथे खपत नाही. बऱ्याच टर्बो इंजिनांत तो ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतो. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा. बूस्ट येताच आरपीएम चढतात पण वेग चढत नाही, तर क्लच घसरतो आहे. जास्त चाललेल्या डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाडीत इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन बसतो, कारण त्यांना पेट्रोलची धुलाई मिळत नाही. चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला प्रदूषण घटवणारा भाग) शेवटी तपासावा.

‘पिकअप वाढवणारा’ म्हणून विकला जाणारा पेडल बॉक्स एक अश्वशक्तीही वाढवत नाही. तो पेडलचा संदेश फुगवून सांगतो, इतकेच. तेच काम पाय थोडा जास्त दाबूनही होते. रिमॅपिंगने (ईसीयूचे प्रोग्रॅमिंग बदलून) टॉर्क वाढतो, पण मुख्यतः टर्बो जागा झाल्यावरचा. १३५० आरपीएमवरची सुस्ती त्याने जवळपास तशीच राहते, उलट क्लच आणि गिअरबॉक्सवर ताण येतो आणि वॉरंटीवर पाणी सोडावे लागते ते वेगळेच.

एक सवय मात्र धोक्याची आहे. गाडी ओढत नाही म्हणून वरच्या गिअरमध्येच, १२००-१५०० आरपीएमवर पाय तळाला नेणे. डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात अशा वेळी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकते आणि त्या एका स्फोटानेही पिस्टनची रिंगपट्टी (रिंगांमधला भाग) तुटू शकते. हे टाळण्यासाठी ऑइलचे निकषच बदलावे लागले: २०१८ मध्ये एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी. मॅन्युअलमध्ये एसपी सांगितले असेल तर डब्यावर तीच अक्षरे पाहून ऑइल भरावे, ‘तेच आहे हो’ यावर विसंबू नये.

आपल्या वाहन पुरवणीला एक विनंती. परीक्षणात शून्य ते शंभरचा वेळ छापता, तो इंजिन चढ्या आरपीएमवर ठेवून, झटक्यात क्लच सोडून घेतलेला असतो. रोज तशी गाडी कोणी काढत नाही. त्याच्या शेजारी गिअर न बदलता दुसऱ्यात २० ते ५०, तिसऱ्यात ३० ते ६० आणि चौथ्यात ५० ते ८० या वेळा, एसी चालू आणि दोन माणसे बसवून, छापाव्यात. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला पाय पूर्ण दाबल्यापासून पूर्ण बूस्ट यायला लागलेले सेकंदही द्यावेत. यासाठी एक ओबीडी स्कॅनर आणि एक मोकळा रस्ता एवढेच सामान लागते.

आपला,
एक वाचक, मोटार अभियंता