ऊर्फ ला वेर्द्यूर : माझ्या फ्रेंचच्या बाईंना पत्र

बाई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. ‘पुरे गं’ म्हणता आणि हवापाण्याचं विचारता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

तुम्ही अकरावीत शिकवलेल्या फ्रेंचच्या जोरावर मी कॅनडात मंक्टनला आले आणि इथल्या अकादी घरात सून झाले. इथल्या माणसांना घराण्याचा शोध इतका जिवाचा का, हे मला उशिरा कळलं. सतराव्या शतकात फ्रान्समधून आलेली ही माणसं आजच्या नोव्हा स्कोशियात बांध घालून, खाऱ्या दलदलीतून शेती काढून राहिली. १७५५ साली इंग्रजांनी त्यांना गावंच्या गावं जहाजांत कोंबून देशोधडीला लावलं. भाऊ एका जहाजात, बहीण दुसऱ्या. त्यामुळे घरटी एक तरी माणूस वंशावळ घेऊन बसलेलं असतं. आमच्याकडे त्या माझ्या आजेसासूबाई. वय ९१, माहेरचं आडनाव मेलांसन. सगळे त्यांना मेमेर म्हणतात, मीही म्हणते.

मेमेरच्या पत्र्याच्या डब्यात तीन वंशावळी होत्या आणि तिघींचं तीन तऱ्हेचं म्हणणं. पहिलीत मूळ पुरुष शार्ल मेलांसन स्कॉटलंडहून आलेला. दुसरीत त्याचा बाप पिएर लावेर्द्यूर, फ्रेंच प्रोटेस्टंट. तिसरीने तर त्याला जेर्में दूसेच्या घरात नेऊन बसवलं होतं. हा दूसे म्हणजे १६५४ साली पोर्ट रॉयल हे अकादींचं मुख्य ठाणं इंग्रजांच्या हवाली करणारा कप्तान, स्वतःला ‘सिएर द ला वेर्द्यूर’ म्हणवणारा. मी चार महिने या तिन्हींचा मेळ घालत बसले होते. जमेना तेव्हा तुम्हाला फोन लावला. पंधरा वर्षांनी, बाई! आणि तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, ‘यातलं कोणी पाहून लिहिलंय आणि कोणी ऐकून?’

मग तो हिवाळा. तुमच्याकडे सकाळचे सात, आमच्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ. तुमच्या हातात चहा आणि भिंग, माझ्या पडद्यावर १६७१ची शिरगणती. पाद्री लॉरां मोलें यांनी घरोघर जाऊन केलेली ती यादी. त्यातला जुन्या वळणाचा लांब ‘एस’ मी ‘एफ’ वाचायचे, आणि तुम्ही न कंटाळता थांबवायचात. ‘वडील मोडी शिकवायचे तेव्हा म्हणायचे, आधी अक्षर सोडव, अर्थ मागाहून येतो. तू अर्थ आधी ठरवून अक्षर वाचतेस.’ हे बोलणं मला लागलं, कारण खरं होतं. मला स्कॉटलंड हवं होतं म्हणून मला सगळीकडे स्कॉटलंड दिसत होतं.

त्या यादीत शार्ल मेलांसन सापडला. वय २८, बायको मारी द्यूगा २३, चार मुली, ४० गुरं, ६ मेंढ्या. त्याचा भाऊ पिएर, धंदा शिंप्याचा. त्याने वय सांगायला नकार दिला, जनावरं नि जमीन सांगायलाही नकार. मी ती ओळ सोडून पुढे जात होते. तुम्ही थांबवलंत. ‘हा का बोलत नाही? प्रांत फ्रान्सकडे परत येऊन एकच वर्ष झालंय. आधीची सोळा वर्षं इंग्रजांची. याचं घर तेव्हा कोणाच्या बाजूला होतं, ते बघ.’

त्या प्रश्नामुळेच आपण फ्रेंच कागद मिटून बॉस्टनच्या इंग्रजी कागदांकडे गेलो. १६७७चा एक अर्ज. अर्जदार प्रिसिला लावेर्द्यूर, पिएर लावेर्द्यूरची विधवा. मुलगा जॉन खटल्यात अडकलेला, नवऱ्याने त्याच्यासाठी शंभर पौंडांचा जामीन लिहून दिलेला, मुलगा निघून गेला आणि नवरा वारला. ती सरकारला विनवते आहे. ओघात सांगते, की नवरा फ्रेंच पण प्रोटेस्टंट, ती स्वतः इंग्रज, आणि कॅथलिक देशबांधवांच्या भीतीने ते सेंट जॉनहून पळून आले. तुम्ही मोठ्याने वाचत होतात आणि मध्येच गप्प झालात. मला वाटलं फोन कटला. मग म्हणालात, ‘ही बाई स्वतःच्या तोंडाने सांगतेय. बाकी सगळे ऐकीव.’

स्कॉटलंडची गोष्ट १७६७ची, फ्रान्समधल्या बेल-ईल बेटावरची. हद्दपारीनंतर तिथे नेऊन वसवलेल्या अकादींनी आपापल्या पूर्वजांबद्दल जबान्या दिल्या, त्यातली. म्हणजे प्रिसिलाच्या अर्जानंतर ९० वर्षांनी, घरदार गमावलेल्या माणसांनी आठवून सांगितलेली. तुम्ही त्यांना खोटं म्हणू दिलं नाहीत. इंग्रजांच्या काळात, १६५७ साली गव्हर्नर टेंपल आला आणि हे कुटुंबही त्याच सुमाराला आलं. त्याच्या प्रांताचं नाव नोव्हा स्कोशिया, म्हणजे नवं स्कॉटलंड. नातवंडा-पतवंडांच्या तोंडी त्यातलं ‘नवं’ गळलं असेल, हा तुमचा तर्क. मला तो मनापासून पटतो.

आणि दूसे? तिथे तुम्ही एका शब्दात निकाल लावलात. पिएर मेलांसनच्या नावापुढे ‘दी ला वेर्द्यूर’ येतं. मी त्या ‘दी’चा कीस पाडत होते. तुम्ही म्हणालात, ‘अगं, हे आपलं ऊर्फ!’ बापाचं लावेर्द्यूर मुलाने ऊर्फ म्हणून ठेवलं. दूसेचं ला वेर्द्यूर त्याचं त्याच्यापाशी. गावोगावी पाटील असतात म्हणून सगळे एकमेकांचे भाऊबंद होत नाहीत.

खालच्या पिढ्यांत एकाच नावाचे दोन चुलतभाऊ होते, तेही तुम्हीच वेगळे केलेत. जवळच्या नात्यात लग्न असेल तर चर्चची परवानगी लागायची आणि कितव्या पायरीचं नातं हे पाद्री लग्नाच्या नोंदीत लिहून ठेवायचा. मी ते कलम दरवेळी वगळत होते. तुम्ही गोत्र बघावं तसं पहिलं तेच बघितलंत. आपली नोंद ग्रां-प्रे या अकादी गावाच्या चर्चच्या वहीतली होती. त्या वह्या हद्दपार झालेल्या लोकांनी बरोबर नेल्या आणि लुईझियानापर्यंत पोहोचवल्या, आज त्या बॅटन रूजमध्ये आहेत. स्वतःचं सामान टाकून द्यावं लागलेल्या माणसांनी लग्नं-बारशांच्या वह्या सांभाळल्या. ती नोंद वाचताना आपण दोघीही रडलो होतो.

१५ ऑगस्ट हा अकादींचाही राष्ट्रीय दिवस. त्या दिवशी घरी सगळे जमले असताना मी मेमेरना नवा तक्ता वाचून दाखवला. त्यांच्या तिन्ही कागदांत सर्वांत वर फक्त पुरुष होते. त्यांनी माझ्या हातून पेन्सिल घेतली आणि पिएर लावेर्द्यूरच्या शेजारी, थरथरत्या अक्षरात, प्रिसिलाचं नाव पुन्हा एकदा स्वतः लिहिलं. छापलेलं होतं, तरी लिहिलं. मग विचारलं, हे शोधणारी ती पुण्याची बाई कोण?

त्या तक्त्याची प्रत टपालाने पाठवते आहे. मागच्या बाजूला मेमेरनी तुम्हाला चार ओळी लिहिल्यात. अक्षर लागणार नाही कदाचित. भिंग जवळ ठेवा.

तुमची विद्यार्थिनी,
मंक्टन, न्यू ब्रन्सविक