आप्पा, मळीत पुन्हा भराव नको

तीर्थरूप आई आणि आप्पा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे सगळं नीट बोलता येत नाही. दादा मधेच फोन घेतो, आप्पांना ऐकायला कमी येतं, आणि पुराच्या पाण्याचा विषय निघाला की आप्पांचाही आवाज चढतो आणि माझाही. म्हणून लिहितेय. सावकाश वाचा. आप्पा, आईलाही मोठ्यानं वाचून दाखवा.

दिवाळीनंतर मळीतल्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानातल्या, आपल्या घराचं जोतं चार फूट उचलायचं, अंगणात मुरमाचा भराव टाकायचा आणि वर दोन खोल्या काढायच्या, असं तुमचं चाललंय. ट्रॅक्टरवाल्याशी दराचंही बोलणं झालंय म्हणे. आप्पा, हा खर्च तिथं करू नका. त्याच पैशांत माळावरच्या आपल्या अकरा गुंठ्यांत साध्या तीन खोल्या उभ्या राहतील. मी आणि जावई मिळून आमचा वाटा घालतो. मळीतलं घर पाडा असं मी म्हणत नाही. तिथं अवजारं राहू देत, वैरण राहू देत, उन्हाळ्यात तुम्ही दुपारी तिथंच पडा. पण जून ते ऑक्टोबर तुमचं अंथरूण माळावर असलं पाहिजे.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. पूर खाली कर्नाटकात कृष्णेवर बांधलेल्या आलमट्टी धरणामुळं येतो. आलमट्टीचा प्रश्न एकदा मिटला की पाणी दाराशी येणार नाही, तोवर जोतं उचलून निभावून नेऊ. आपल्या शिरोळ तालुक्यात कुठल्याही पारावर बसलं तरी हेच ऐकायला मिळतं, आणि ते लोक खोटं बोलत नाहीत. पाणी चढतं झपाट्यानं आणि हटता हटत नाही, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. पुढं कुणीतरी तोंड दाबून धरल्यासारखं पाणी थांबतं, असं तुम्ही 2005 सालीही म्हणाला होतात.

आलमट्टीची उंची वाढू नये, याबद्दल मी तुमच्या बाजूची आहे. आज त्या धरणाची पूर्ण पातळी 519.60 मीटर आहे. ती 524.256 मीटरपर्यंत न्यायला कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादानं 2010 मध्ये मान्यता दिली, आणि तेव्हापासून हे भांडण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात आहे. आपल्या खाली, आलमट्टीच्या अलीकडं, हिप्परगीचा बंधारा आहे, त्याचे दरवाजे पावसाळ्यात कधी आणि किती उघडायचे यावरही लक्ष हवंच. भर पावसाळ्यात धरण काठोकाठ भरून ठेवू नका, ही कृती समित्यांची मागणी रास्त आहे. मोर्चाला जायचं तर खुशाल जा. गुडघ्याला पट्टा बांधून जा, एवढंच म्हणेन.

पण सगळा पूर एकट्या आलमट्टीच्या नावावर लिहून टाकला, की आपल्या हातात काहीच उरत नाही. मग निकालाची वाट बघायची आणि तोवर मुरूम ओतायचा. मला भीती याचीच वाटते.

2019 आणि 2021 हे दोन पूर शेजारी ठेवून बघा. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळी आहे 45 फूट. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा 55 फुटांच्या पुढं होती, तिथला धोका 43 फुटांवर. दोनच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, सांगलीत पाणी 55 फुटांच्या आसपास थांबलं, म्हणजे 2019 पेक्षा कमी. कोल्हापुरात मात्र ते 56 फुटांवर गेलं, 2019 पेक्षाही जास्त. धरण तेच, त्याची उंची तीच. शिवाय 2021 च्या पावसाळ्याआधी आपले तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना भेटले होते. दोन्ही राज्यांनी विसर्गाचं रोजच्या रोज एकमेकांना कळवायचं ठरलं होतं. तरीही पूर आलाच.

कारण त्या आठवड्यात वर घाटमाथ्यावर जे कोसळलं ते बघा. कृष्णा जिथं उगम पावते त्या महाबळेश्वरात 22 जुलैला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडं शिरोळात अख्ख्या वर्षात जवळपास तेवढा पडतो, आप्पा. वर्षाचा पाऊस एका दिवसात पडला आणि तो उतरायला वाट एकच, आपल्या दारावरून.

दुसरं म्हणजे धरणांचं. गावात सगळे राधानगरीकडं बोट दाखवतात: 'दरवाजं उघडलं, आता बुडालो.' शाहू महाराजांनी पाया घातलेल्या त्या धरणाचे सात दरवाजे आपोआप उघडतात, तलाव भरला की. एका दरवाजातून साधारण 1428 क्युसेक पाणी सुटतं. साती उघडले तरी दहा हजार. महापुरात पंचगंगेतून वाहणारं पाणी याच्या कितीतरी पट असतं. ते येतं कुठून? धरणाच्या खाली पडणाऱ्या पावसातून. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती या नद्यांच्या काठांवरचं, ओढ्यानाल्यांतलं, जे कुठल्याच धरणात अडत नाही ते पाणी. त्याला दरवाजा नाही, आणि ते सोडू नका असं कुणाला सांगताही येत नाही.

म्हणून आपल्या राज्याचं काहीच चुकलं नाही, असं नाही. कोयना 105 टीएमसीचं, वारणा 34 टीएमसीचं. ही धरणं वीज आणि शेतीसाठी बांधली, पूर पोटात घेण्यासाठी नाही. त्यामुळं पाऊस ऐन भरात असताना ती भरत आलेली असतात आणि नेमक्या नको त्या वेळी पाणी सोडावं लागतं. हवामानाचा अंदाज बघून आधीच थोडी जागा मोकळी ठेवायला हवी. हा जाब आपण मुंबईला विचारला पाहिजे, फक्त बेंगळुरूला नाही.

2019 नंतर सरकारनं नंदकुमार वडनेरे यांची समिती नेमली. 2020 मध्ये त्यांचा अहवाल आला. आलमट्टी आणि हिप्परगीमुळं आपल्याकडं पूर आला असं म्हणता येत नाही, अतिवृष्टी आणि नदीपात्रातली, पूरक्षेत्रातली अतिक्रमणं ही मोठी कारणं आहेत, असं त्यात आलं. तुम्ही तो अहवाल मानत नाही, गावात फारसं कुणीच मानत नाही. ठीक आहे. आलमट्टीबद्दलचं त्यांचं म्हणणं बाजूला ठेवू. पण अतिक्रमणाबद्दल ते जे सांगतात ते तर तुम्ही स्वतःच मला दाखवलंय! शिरोलीजवळ महामार्गाचा भराव आडवा पडलाय आणि पाणी त्याच्या मागं तुंबतं, म्हणून तो रस्ता खांबांवर घ्या अशी कोल्हापूरकरांची मागणी आहे, हे मला पहिल्यांदा तुम्हीच सांगितलंत. पुलांच्या दोन्ही अंगांना टाकलेली माती, काठावरच्या वीटभट्ट्या, पात्रातला गाळ, बुजवलेले ओढे. गाडीतून जाताना तुम्ही एकेक जागा बोटानं दाखवत होता.

आणि पाणी हटत नाही त्याचं कारणही बरंचसं आपल्या जमिनीतच आहे. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, नृसिंहवाडीला पंचगंगा येऊन मिळते, पुढं दूधगंगा. एवढ्या नद्या थोड्याशा अंतरात एकत्र येतात आणि पुढं नदीला उतार फार कमी. कृष्णा फुगली की पंचगंगेला जागाच मिळत नाही, ती मागं सरून शेतात पसरते. नृसिंहवाडीला दत्ताच्या देवळात पाणी शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा होतो तो याच फुगवट्यानं, आणि तो आलमट्टीच्या कितीतरी आधीपासून होत आलाय. त्या स्नानाला तुम्ही मला खांद्यावर घेऊन गेला होता.

आता आपल्या भरावाचं सांगते. तुम्ही अंगण चार फुटांनी उचललं, तर तिथलं पाणी जाईल कुठं? शेजारच्या काकींच्या गोठ्यात. मग ते पाच फूट उचलतील. पलीकडच्या गल्लीत आधीच दोघांनी उचललंय, आणि 2021 ला तिथल्या खालच्या घरांत पाणी किती थांबलं ते तुम्ही बघितलंत. महामार्गानं जे केलं म्हणून आपण चिडतो, तेच आपण आपल्या आळीत करायला निघालोय. आणि एवढं करून चार फुटांनी होणार काय? 2019 ला पाणी आपल्या खिडकीच्या वर होतं. भिंतीवरची ती गाळाची रेघ रंगाखालून अजून दिसते. मीटरची पेटी तेव्हा पूर्ण पाण्यात होती. चार फूट वर घेतली तरी ती बुडेल.

उसाचं तुम्हाला मी काय सांगणार? शेंडा पाण्याबाहेर राहिला तर ऊस तगतो, पोंग्यात गाळ बसला की कोंब आतून कुजतो. तो वास अजून माझ्या नाकात आहे. पण ऊस हलवता येत नाही म्हणून तिथं राहतो. माणसाला काय बांधून ठेवलंय? आजोबांच्या वेळेपर्यंत आपलं घर पांढरीवर होतं, गावठाणातल्या उंचवट्यावर, आणि मळीत फक्त शेती. पूर यायचा, गाळ टाकून जायचा, त्याच गाळावर शाळू पिकायचा. घरं अपुरी पडली, रस्ता झाला, तसे आपण सगळेच खाली उतरलो. तेव्हा कुणी अडवलं नाही. पूर कुठवर येतो ते दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल रेषा कागदावर होत्या की नव्हत्या, आपल्याला कुणी दाखवल्याच नाहीत. याचा राग मलाही येतो. पंचवीस वर्षांत एकदा येईल असा पूर निळ्या रेषेत धरतात. आपल्या दाराशी तर 2005, 2019 आणि 2021, असा तीनदा आला.

इथं पुण्यातही काही वेगळं नाही. जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पार्किंग, तळमजले सगळे बुडाले. लोक पाणी सोडणाऱ्यांवर संतापले, कळवलं नाही म्हणाले, आणि त्यात तथ्य होतं. पण त्या इमारतींच्या खिडकीतून खाली बघितलं की नदी हाताशी दिसते. तिथं बांधायला परवानगी कशी मिळाली, हे विचारणारे थोडेच.

आई, आता तुझ्याशी बोलते. तू या सगळ्यात काहीच बोलत नाहीस. पण जुलै लागला की तू ट्रंक पलंगावर ठेवतेस, त्यात सातबारा, आधार कार्डं, तुझे चार दागिने आणि बाळाची कुंची. रात्री तीनदा उठून बॅटरी मारून रस्त्याकडं बघतेस, हे मला वहिनीनं सांगितलं. 2019 ला बोटीत चढताना तू म्हशीचं दावं सोडायला मागं फिरलीस आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिलीस. त्याच आठवड्यात पलूसकडं ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. ती बातमी मी इथं टीव्हीवर बघत होते आणि तुमचे दोघांचेही फोन बंद होते. तुला माळावर राहायला जायचंय का, हे एकदा आप्पांसमोर स्पष्ट सांग. 'ह्यांना विचार' म्हणू नकोस. तुझंही घर आहे ते.

आप्पा, माळावर पाण्याची अडचण आहे हे मला मान्य आहे. बोअरला उन्हाळ्यात पाणी कमी येतं, तिथं एक टाकी बांधावी लागेल. देऊळ लांब पडेल, तुमची पहाटेची घाटावरची बैठक मोडेल. शेजार तुटेल म्हणालात, तेही खरं. पण आपल्या आळीतली आणखी चार-पाच घरं तिथं जमीन बघतायत, दादाला विचारा. तुम्ही आधी गेलात तर ते मागून येतील, तुमचा शब्द आळीत चालतो. आणि ग्रामपंचायतीनं पूरग्रस्तांसाठी माळावर रस्ता आणि वीज मागायची झाली, तर अर्जावर पहिली सही तुमचीच असू दे. आलमट्टीच्या निवेदनावर करता, तशीच.

आलमट्टीचा निकाल आपल्या बाजूनं लागला तर मी पेढे वाटेन. पण त्या दिवशीही तुमचं अंथरूण माळावरच असावं, असं मला वाटतं. महाबळेश्वरात एका दिवसात जेवढा पाऊस पडला, तेवढा पुन्हा पडायला कुठल्या लवादाची परवानगी लागत नाही.

दसऱ्याच्या शनिवारी मी गावी येते. ट्रॅक्टरवाल्याला तोवर थांबवा, दिलेला विसार बुडाला तर मी देते. माळावरच्या जागेची मोजणी करून घेऊ, गवंडीमामांना सोबत नेऊ. आईच्या गुडघ्याला चढ सोसेल अशा पायऱ्या काढायच्या का उतरण करायची, ते तिथंच उभं राहून ठरवू. आप्पांची कानाची मशीन मी दुरुस्त करून आणतेय, तेवढे दिवस दादाला मोठ्यानं बोलायला सांगा.

दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुमची,
लेक