खारबंदिस्तीआडच्या गोड्या पाण्यातील कासवांचीही नोंद व्हावी

मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

कोकणातील कासव म्हटले की वेळास, आंजर्ले, गुहागर येथील ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची घरटी डोळ्यांसमोर येतात, आणि त्यात वावगे काही नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून वेळासला जे काम उभे केले आणि गावकऱ्यांनी ते ज्या आपुलकीने पुढे नेले, त्याचा कोकणातील प्रत्येकाला अभिमान वाटावा असेच ते आहे. परंतु त्याच किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, खाडीच्या बांधाआड, तळ्यांत, चरांत आणि भाताच्या खाचरांत गोड्या पाण्यातील कासवेही राहतात. ती आता अनपेक्षित ठिकाणी दिसू लागली आहेत आणि त्यांच्याविषयी काय करावे हे कोणालाच नीट ठाऊक नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी अलिबाग तालुक्यातील खारेपाटात राहतो. ज्यांना या भागाची रचना परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. भरतीचे पाणी अडवणारे मातीचे बांध म्हणजेच खारबंदिस्ती, ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडणाऱ्या आणि भरती लागताच मिटणाऱ्या उघाड्या, त्यांच्या आत भातशेती, बांधालगतचे चर आणि घराजवळची जिताडा माशाची तळी अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था आहे. बांधाच्या एका अंगाला खारे पाणी व कांदळवन आणि दुसऱ्या अंगाला गोडे पाणी, या दोहोंत अंतर असते ते केवळ बांधाच्या रुंदीचे. गेल्या काही पावसाळ्यांत आमच्या परिसरात उघाडीच्या तोंडाशी, फुटलेल्या बांधाच्या बाहेर तिवरांच्या (कांदळवनातील झाडांच्या) मुळांत, एवढेच काय खाडीलगतच्या डांबरी रस्त्यावरही ही कासवे लोकांना दिसली आहेत.

मागील आषाढात आमच्या उघाडीजवळ ओहोटीच्या वेळी चिखलात बसलेले असे एक कासव मी जवळून पाहिले. पाठ हिरवट तपकिरी, कठीण खवल्यांची नव्हे, तर कातडीने मढवलेली आणि ओलसर. नाक पुढे नळीसारखे निघालेले, प्रत्येक पायाला तीनच नखे. हात लावताच त्याने मान आत ओढली आणि मागच्या पायांवर पोटाकडील कातडीच्या दोन झडपा मिटून घेतल्या. या झडपांवरूनच त्याला फ्लॅपशेल म्हणतात. दुसरी जात आहे काळ्या कासवाची. त्याचे कवच टणक असते आणि पाठीवर लांबीच्या दिशेने तीन कंगोरे उठलेले दिसतात. या दोन्ही जाती खाचरे, तळी, ओढे आणि दलदलीत राहणाऱ्या. समुद्राशी त्यांचा संबंध नाही.

हाच भेद लोकांच्या लक्षात येत नाही आणि त्यातून अतिशय वाईट प्रकार घडतात. त्याच दिवसांत जवळच्या एका गावातील तरुणांनी बांधावर सापडलेले कासव बादलीत घालून मोटारसायकलवरून किनाऱ्यावर नेले आणि लाटांत सोडून दिले. त्याची चित्रफीत सर्वत्र फिरली आणि कौतुकही झाले. त्या मुलांचा हेतू निर्मळ होता याविषयी मला तिळमात्र शंका नाही, कारण कासव म्हणजे समुद्राचे असेच त्यांना आजवर शाळेत आणि बातम्यांत दाखवले गेले आहे. पण समुद्री कासवाच्या डोळ्यांमागे शरीरातील जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात आणि पोहण्यासाठी पायांची वल्ही झालेली असतात, तशी सोय या कासवाला नसते. भर समुद्रात त्याच्या अंगातील पाणी कमी होत जाते, लाटांशी झुंजण्याचे बळ त्याच्या पायांत नसते आणि परत येण्यासाठी जवळ गोडे पाणीही नसते. ज्याच्या पायांना वल्ह्यांऐवजी बोटे आणि नखे आहेत असे कासव समुद्रात सोडू नये, एवढी एक गोष्ट जरी किनाऱ्यावरील प्रत्येक शाळेत सांगितली गेली, तरी पुष्कळ कासवे वाचतील.

आता ही कासवे खाडीच्या कडेला का दिसू लागली, याकडे वळतो. पावसाळ्यात खाडीत दिसणारे प्रत्येक कासव संकटातच आहे असे मानण्याचे कारण नाही. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो, नद्या-ओढ्यांच्या पुराने खाडीचे वरच्या थरातील पाणी आषाढ-श्रावणात बरेचसे गोडे होते आणि पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढू लागतात त्याच सुमारास कासवेही बाहेर पडतात. काही नद्यांत तर गोडे पाणी बारमाही खाली येते. कोयनेचे अवजल, म्हणजे वीजनिर्मितीनंतरचे पाणी, वाशिष्ठीत सोडले जाते, हे त्याचे ठळक उदाहरण. म्हणूनच कासव दिसल्याची नोंद करताना नुसते छायाचित्र पुरेसे नाही. तारीख, भरती की ओहोटी, बांधाच्या आत की बाहेर, पाणी खारे की गोडे, हेही लिहिले पाहिजे. जुलैत उघाडीच्या तोंडाशी पुराबरोबर आलेले कासव आणि एप्रिलच्या उन्हात तिवरांत सापडलेले कासव यांचे अर्थ सर्वस्वी वेगळे आहेत.

काळजी वाटते ती उन्हाळ्यातील अशा प्रसंगांची. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडली आणि ती वेळेवर बुजवली गेली नाही की खारे पाणी आत शिरते, दोन-तीन वर्षांत जमीन नापीक होते, चर आणि तळी खारी होतात आणि तेथे राहणाऱ्या कासवाला चालत बाहेर पडण्याखेरीज मार्ग राहत नाही. काही निसर्गप्रेमी मंडळी अशा जमिनीवर कांदळवन उगवल्याचे समाधान मानतात. कांदळवनाचे महत्त्व मी मुळीच कमी लेखत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांची कत्तल हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे असा जो निर्णय दिला, त्याचे मी मनापासून स्वागतच केले. पण बांध फुटून जे नाहीसे होते तेही एक अधिवासच होता, आणि तो शेतकऱ्याच्या भातावर व त्याने राखलेल्या बांधावर जगत होता. येथे शेतकऱ्याचे हित आणि कासवाचे हित एकच आहे.

दुर्दैवाने हा अधिवास कायद्याच्या दोन कुंपणांच्या मधोमध सापडला आहे. पाणथळ जागांसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये जे नियम केले, त्यांत भातखाचरे वगळली आहेत. मत्स्यशेती, मीठ उत्पादन आणि सिंचन यांसाठी मुद्दाम बांधलेली तळी व बांधकामेही वगळली आहेत. राहिला किनारा नियमन क्षेत्राचा कायदा. त्यात १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचा बांध किंवा उघाडी असल्यास, जिच्यापासून संरक्षित पट्टा मोजतात ती भरतीरेषा त्या बांधापाशीच थांबते, आणि २०१९ च्या अधिसूचनेने खाडीकाठचा संरक्षित पट्टाही १०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. याचा व्यवहारातील परिणाम असा की जुन्या बांधाच्या आत थोडे दूर असलेले तळे किंवा चर हे कायद्याच्या दृष्टीने धड पाणथळ नाही आणि धड किनाराही नाही. सातबाऱ्यावर ती जमीन शेती किंवा पडीक एवढीच दिसते, आणि मग औद्योगिक प्रकल्पासाठी, भूखंडांसाठी अथवा कोळंबीच्या तलावांसाठी तिच्यावर भराव पडताना तेथे कोणते प्राणी आहेत असा प्रश्न विचारण्याची गरज कोणालाही भासत नाही. राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहातही सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या जागांचीच स्वतंत्र गणना झाली. आमची तळी त्या मापात बसत नाहीत.

प्राण्याला मात्र संरक्षण आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत फ्लॅपशेल कासवाचा समावेश असून त्याची शिकार करणाऱ्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. महाराष्ट्राच्या मोठ्या नद्यांतील लीथचे मृदुकवची कासव, ज्याचे शास्त्रीय वर्णन १८७२ मध्ये पुण्याच्या नमुन्यावरून झाले, त्याला तर २०२२ मध्ये पनामा येथील साइट्स (वन्यजीवांच्या व्यापाराविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून आंतरराष्ट्रीय व्यापाराविरुद्ध सर्वोच्च संरक्षण मिळाले. म्हणजे कासव मारले तर तुरुंग, पण त्याचे तळे बुजवले तर साधी विचारपूसही नाही. ही विसंगती मला फार खुपते.

बांधाच्या दुरुस्तीबाबतही एक निकडीची गोष्ट सांगायची आहे. ही कामे बहुधा एप्रिल-मे महिन्यांत, पाणी आटल्यावर, पोकलेन लावून होतात आणि माती घेतली जाते ती बांधालगतच्या आटलेल्या चरातून. नेमक्या याच दिवसांत फ्लॅपशेल कासव चिखलात खोल पुरून घेऊन पावसाची वाट पाहत असते. आमच्या शिवारात अशाच एका कामाच्या वेळी पोकलेनच्या बकेटमधून मातीबरोबर कासव बांधावर येऊन पडले. त्याच्या पाठीला मोठी चीर गेली होती. यंत्र चालवणाऱ्याने ते पाहिले आणि हळहळलाही, पण काम थांबवण्याची सूचना त्याला कोणी दिलेली नव्हती आणि ठेकेदाराच्या करारातही तसे काही नव्हते. माझी खारभूमी विकास विभागाला विनंती आहे की दुरुस्तीच्या निविदेतच अशी अट घालावी की चर खोदण्यापूर्वी गावातील जाणत्या माणसांकडून तळाचा चिखल तपासून घ्यावा, चर एकाच हंगामात सलग न उपसता त्याचा काही भाग दरवर्षी तसाच ठेवावा आणि सापडलेले कासव त्याच बांधाच्या आत, जवळच्या ओल्या जागी सोडावे. याला फारसा खर्च येत नाही. बांधाचे काम लांबावे असे मात्र मी कदापि म्हणणार नाही, कारण पावसापूर्वी खांड बुजली नाही तर कासव आणि शेतकरी दोघेही बुडतात.

मासेमारीतही ही कासवे सापडतात. पागात (फेकून टाकायच्या जाळ्यात) येतात, कांडाळीत (पाण्यात उभ्या लावलेल्या जाळ्यात) गुरफटतात, गळाला लागतात. जाळे कापून समुद्री कासवाची सुटका करणाऱ्या मच्छीमाराला डिसेंबर २०१८ पासून राज्य शासन २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते आणि त्या योजनेने किनाऱ्यावरील वातावरण बदलण्यास मोठा हातभार लावला आहे. खाडीत पाग टाकणाऱ्या गरीब माणसालाही तसाच आधार मिळाला, तर तो कासव घरी नेणार नाही किंवा कोणाला विकणार नाही.

बाजारातून आणलेली, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली परदेशी कासवे कंटाळा आल्यावर गावतळ्यात सोडण्याची चाल आता खेड्यांपर्यंत आली आहे. मूळच्या अमेरिकेतील या कासवाची गणना जगातील सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींमध्ये होते. ते आपल्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावते, म्हणून ते कोणत्याही तळ्यात सोडू नये.

यावर उपाय हाताशीच आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२० अखेरची मुदत घालून दिल्यावर देशभर या नोंदवह्या धावपळीने तयार झाल्या. माझ्या पाहण्यातील नोंदवहीत आंबा, काजू, गायी-म्हशी सर्व काही आहे, पण तळ्यातील कासवाचा उल्लेख नाही. ही नोंदवही पुन्हा उघडावी आणि बांधाआडचे प्रत्येक तळे, चर व डबके आणि त्यात दिसलेली कासवे तारखेसह लिहावीत. भात लावणाऱ्या बायका, गुराखी, पाग टाकणारे आणि उघाडी राखणारे यांच्याइतकी माहिती कोणत्याही सर्वेक्षकाला असणार नाही, तेव्हा त्यांना विचारून लिहावे. एकदा ग्रामपंचायतीच्या दप्तरी लेखी नोंद झाली, की उद्या त्या जागेवर भराव टाकण्याचा प्रस्ताव आल्यास जनसुनावणीत कागद पुढे ठेवता येईल. आज आमच्याकडे तोंडी आठवणींपलीकडे काहीही नाही, आणि जनसुनावणीत आठवणींना कोणी विचारत नाही. मात्र तळ्याचा नेमका ठावठिकाणा समाजमाध्यमांवर टाकू नये, कारण कासवे चोरून विकणाऱ्यांना तो आयताच मिळतो.

आपल्या वृत्तपत्राच्या रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग आवृत्त्या गावोगाव जातात. पावसाळ्याच्या तोंडावर नखांचे पाय आणि वल्ह्यांचे पाय यांतील फरक दाखवणारे एक साधे रेखाचित्र, आणि जखमी कासव आढळल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवण्याची सूचना, ठळकपणे छापावी ही विनंती. आमच्या ग्रामसभेत नोंदवहीचा विषय मांडण्यासाठी मी अर्ज दिला आहे. इतर गावांतील वाचकांनीही येत्या ग्रामसभेपूर्वी तसा अर्ज द्यावा.

आपला नम्र,
एक वाचक,
खारेपाट, ता. अलिबाग, जि. रायगड