देवीला काय विचारलं, ते महत्त्वाचं

संपादक महोदय,

कोकणात कॅन्सरचे रुग्ण डॉक्टरकडे उशिरा पोचतात, याचं खापर दरवेळी गाऱ्हाण्या-कौलावर, म्हणजे देवापुढे साकडं घालून त्याचा होकार-नकार विचारण्यावर फुटतं. उशीर आमच्याही घरात झाला. पण तो देवळात नाही झाला. जेवणाच्या पानावर झाला, माझ्या डोळ्यांदेखत.

आई ७२ वर्षांची. चाळीसेक वर्षं सकाळ-संध्याकाळ मशेरी. तव्यावर तंबाखू भाजल्याचा खाट हाच आमच्या घराचा पहाटेचा वास. गेल्या गणपतीनंतर घरात म्हावरं सुरू झालं, तरी तिने बांगड्याच्या तिखल्याला हात लावला नाही. नुसती पेज जेवायची. मी समोर बसून दोन-दोन तुकड्या संपवत होतो आणि मनात म्हणत होतो, वय झालं. डाव्या गालात आतून चर पडला होता. झोंबायला लागला की ती त्याच्यावरच मशेरी दाबायची, म्हणजे बधिर व्हायचं. हे तिने दिवाळीत बहिणीला सांगितलं. मला नाहीच.

मग तालुक्यातल्या एका दवाखान्यात लावायचं जेल आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, तीन आठवडे. दुसऱ्या डॉक्टरने बॅटरी मारून पाहिलं आणि तुकडा काढून तपासायला पाठवला. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर तपासायचीच असते, हे मला त्यांच्याकडून कळलं. मशेरीच्या डब्यावर कोणी लिहिलेलं नसतं.

कॅन्सरचा रिपोर्ट हातात आला, तरी आई ढिम्म. ‘‘देवीक इचारल्याबिगर मी गावची शीम वलांडूचंय नाय.’’ मुंबईचा मेहुणा फोनवर तापला. मी तिला देवळात घेऊन गेलो.

गुरवांनी मला आधी बाहेर पायरीवर बसवलं, रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, ‘‘डाक्टर काय म्हणतत?’’ म्हटलं, जितक्या लवकर तितकं बरं. आत जाऊन त्यांनी गाऱ्हाणं घातलं, आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणत राहिलो, आणि कौलासाठी देवीला तांदूळ लावले. पण मुंबईला न्यायची की नाही, हे त्यांनी विचारलंच नाही. उजवा कौल पडला तर सोमवारची गाडी, डावा पडला तर गुरुवारची. डावा पडला. आई घरी आली आणि आपली पिशवी आपणच भरायला बसली.

गुरवांनी हे मुद्दाम केलं की त्यांना तसंच सुचलं, मी अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही. पण जिल्ह्यातल्या इतर देवळांतल्या गुरवांनी आणि मानकऱ्यांनी हे पत्र वाचावं, म्हणून लिहितो आहे. दुखणाईत माणूस समोर आला, तर जायचं का हे विचारू नका, कधी जायचं ते विचारा. माझ्यासारख्या शिकलेल्या मुलाचं आई ऐकत नाही, तुमचं ऐकते.

पुढचं थोडक्यात. आमच्याकडे अजून ‘टाटाक न्हेला’, मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात नेला, म्हणजे माणूस गेलाच, असं धरतात. तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरून आम्ही तिथेच गेलो. गालाचा आतला भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, मग रेडिएशनच्या ३० बैठका, आठवड्याला पाच, म्हणजे सहा आठवडे मुंबईत. महात्मा फुले योजनेत केशरी रेशनकार्डावर उपचाराचा मोठा भाग निघाला. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा मिळाली. रेल्वेत रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत मूळ भाडं पूर्ण माफ, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. त्यासाठी हॉस्पिटलच्या सहीचा फॉर्म लागतो, हे मात्र आम्हाला दुसऱ्या फेरीला समजलं.

नाकातल्या नळीने भरवायचं काम माझ्याकडे होतं. दर दोन तासांनी, बसवून. पेज फडक्यातून गाळायची, सिरिंजने हळूहळू सोडायची, वरून पाणी घालायचं, नाहीतर नळी चोंदते. एकदा पाणी घालायला विसरलो आणि अर्धी रात्र धावपळीत गेली. बायकांनी हे वर्षानुवर्षं न बोलता केलेलं असतं. माझं मात्र गावभर कौतुक झालं, याची लाजच वाटते. इकडे मोहोराच्या फवारण्या चुकल्या, आंबा निम्मा आला. दर सोमवारी गुरव देवळातून फोन लावायचे, गाऱ्हाणं घालायचे. आईला बोलता येत नव्हतं. ‘व्हय म्हाराजा’ला ती खाटेच्या दांडीवर बोटं वाजवायची.

शिमग्याला पालखी दारात आली, तेव्हा आम्ही घरी होतो. ओटी तिनेच भरली. आता तोंड आखडू नये म्हणून दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या धरून बसायचा व्यायाम आहे. सुरुवातीला नऊ काड्या जायच्या, आता पंधरा जातात. त्या धरल्या की तिला माकडांना शिव्या घालता येत नाहीत, ही तिची मुख्य तक्रार. मशेरीचा डबा मी फणसाखाली पुरलाय. कुठे, ते तिला पक्कं ठाऊक आहे, म्हणून सध्या फणसाला पाणी मीच घालतो.

– एक आंबा बागायतदार, ता. देवगड
(कृपया नाव छापू नये.)